नावाआधी वाडी शोधा: यॉर्कशायरच्या लोकर-विणकर मुलखातले पूर्वज परदेशातून कसे धुंडाळावेत

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एका गोऱ्या शिपायाचा सेवामुक्तीचा कागद निघाला. हे शिपाईबुवा म्हणजे स्नेह्यांच्या आजीचे पणजोबा. मुंबई इलाख्यात नोकरी करून ते इकडेच राहिले आणि इकडेच वारले. कागदावर “अमुक पॅरिशमध्ये, अमुक गावात किंवा गावाजवळ, अमुक काउंटीत जन्म” अशी छापील ओळ होती आणि मोकळ्या जागी हाताने भरले होते: हॅलिफॅक्स, हॅलिफॅक्स, यॉर्क. (पॅरिश म्हणजे एका मुख्य चर्चच्या हद्दीतला मुलूख, काउंटी म्हणजे परगणा, आणि यॉर्क म्हणजे इथे यॉर्कशायर.) धंदा विणकर. मूळ गाव सापडले म्हणून घरात पेढे आले, आणि त्यानंतरचे आठ महिने मी भलत्याच माणसाचा माग काढत राहिलो. ट्रंकेत एक जुने प्रार्थनापुस्तकही होते आणि त्याच्या पहिल्या पानावर फिकट शाईत ‘वॉर्ली’ असा एक शब्द इंग्रजीत लिहिलेला होता. घरच्यांनी तो ‘वरळी’ असा वाचला होता. पणजोबा काही काळ मुंबईत राहिले असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. त्या शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

ज्यांचा एखादा पूर्वज इंग्लंडच्या लोकर विणणाऱ्या पट्ट्यातून आला आहे, आणि जे स्वतः पुण्यात, मेलबर्नमध्ये किंवा टोरांटोत बसून शोध घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असे पट्टे इंग्लंडमध्ये अनेक होते, पण मी ज्याच्यावर काम केले तो जुन्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग विभागातला, हॅलिफॅक्स आणि हडर्सफील्डच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख आहे, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

हा मुलूख असा का आहे

पेनाइन डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, कॅल्डर नदी आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत जमीन पातळ, हवा ओली आणि पीक जेमतेम ओट्सचे. दहा-पंधरा एकरांवर कुटुंबाचे पोट भरत नसे, म्हणून घरोघरी माग आला. बायकामुलांनी लोकर पिंजायची आणि कातायची, पुरुषाने माडीवर बसून विणायचे, आणि आठवड्याला तयार झालेला कापडाचा ठाण, ज्याला तिकडे ‘पीस’ म्हणत, तो खांद्यावर किंवा तट्टावर टाकून बाजारात न्यायचा. त्या व्यापारासाठी हॅलिफॅक्समध्ये १ जानेवारी १७७९ रोजी ‘पीस हॉल’ उघडला. मधल्या प्रशस्त चौकाभोवती व्यापाऱ्यांच्या ३१५ खोल्या असलेली ही इमारत आजही उभी आहे. डोंगरावरच्या जुन्या घरांना वरच्या मजल्यावर एकाला एक लागून खिडक्यांची लांबलचक ओळ दिसते, ती मागावर उजेड पडावा म्हणून ठेवलेली आहे.

वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही माणसे दाट गावांत राहत नव्हती. उतारावर विखुरलेल्या, प्रत्येकी स्वतःचे नाव असलेल्या वाड्यांवर आणि शेतघरांवर राहत होती. हॅलिफॅक्स ही इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पॅरिशांपैकी एक होती. तिचे क्षेत्रफळ शंभर चौरस मैलांहून जास्त होते आणि तिच्या पोटात वीसहून अधिक टाउनशिप, म्हणजे पॅरिशचे गावनिहाय पोटविभाग, होत्या: ओव्हेंडन, वॉर्ली, सॉवर्बी, मिजली, वॉड्सवर्थ, नॉर्थाउरम, स्टॅन्सफील्ड, एलंड वगैरे. त्यामुळे “हॅलिफॅक्स पॅरिशमध्ये जन्म” हे वाचून फार हुरळून जाऊ नये. कोणी “पुणे जिल्ह्यातला” म्हटल्यावर आपण जेवढे समजतो, साधारण तेवढेच त्यातून समजते.

नावांची अडचण त्याहून मोठी आहे. ग्रीनवुड, सटक्लिफ, क्रॅबट्री, अ‍ॅक्रॉइड, मर्गट्रॉइड, बॅरक्लो ही आडनावे याच खोऱ्यांत, पुष्कळदा एखाद्याच शेतघराच्या नावावरून जन्मली. (‘रॉइड’ म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन.) पाच-सहा शतकांत ती तिथल्या तिथेच वाढली, आणि पहिल्या नावांची निवडही जॉन, विल्यम, जेम्स, मेरी, सेरा, हॅना यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. एकाच वर्षी एकाच टाउनशिपमध्ये चार जॉन ग्रीनवुड विणकाम करत असतील तर त्यात नवल नाही. गावकऱ्यांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. ते ‘जॉन ओ टॉम्स ओ बिल्स’ म्हणत, म्हणजे बिलच्या टॉमचा जॉन. सरकारी कागदात मात्र हे नाव क्वचितच उतरले. म्हणून इथे माणसाची ओळख त्याच्या वाडीवरून, धंद्यावरून आणि शेजाऱ्यांवरून पटवावी लागते; नाव त्यानंतर येते.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्या एका बैठकीत मिळू शकतात. तशी सोय इंग्लंडमध्ये नाही. तिथे एकेक पिढी वेगळ्या कागदातून सिद्ध करावी लागते.

आधी घरातले कागद

शोध नेहमी अलीकडून पलीकडे जातो, आणि पहिले टोक पूर्वज जिथे येऊन स्थिरावला त्या देशात असते. तिकडचे कागद पुरते पिळून घेतल्याशिवाय यॉर्कशायरच्या संकेतस्थळांवर एक रुपयाही खर्च करू नये. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया (१८५३ पासून) आणि न्यू साउथ वेल्स (१८५६ पासून) इथल्या मृत्यूच्या दाखल्यांत मृताच्या आईवडिलांची नावे आणि जन्मस्थान असते; इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यांत हे मिळत नाही. अमेरिकेत १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव नेमके लिहिलेले सापडते. १८९० ते १९६० या काळात ब्रिटिश बंदरांतून बाहेर पडलेल्या प्रवाशांच्या याद्या उपलब्ध आहेत.

भारतात आलेल्या पूर्वजांसाठी पहिली जागा म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर. तिन्ही इलाख्यांतल्या चर्चमधून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्यांतली बंगालची मालिका ‘एन/१’, मद्रासची ‘एन/२’ आणि मुंबईची ‘एन/३’. त्यांच्या प्रतिमा ‘फाइंडमायपास्ट’ या वर्गणीच्या संकेतस्थळावर आहेत, आणि ‘फिबिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बरेचसे निर्देशांक, म्हणजे नावांच्या सूची, फुकट पाहता येतात. पूर्वज ब्रिटिश सरकारच्या फौजेत असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली ‘डब्ल्यूओ ९७’ ही निवृत्त शिपायांची मालिका पाहावी. तीत जन्माची पॅरिश आणि भरतीपूर्वीचा धंदा दिलेला असतो. यंत्रमागांनी पोटावर पाय आणल्यावर फौजेत शिरलेले हातमाग विणकर आणि लोकर विंचरणारे त्या कागदांत बरेच भेटतात.

घरातले बारीकसारीक काही फेकू नये. प्रार्थनापुस्तकाचे पहिले पान, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, एखाद्या मुलाचे विचित्र वाटणारे मधले नाव, पत्रातला घराचा उल्लेख, हे सारे आहे तशा वर्तनीत उतरवून घ्यावे आणि ‘शुद्ध’ करू नये.

१८३७ नंतरचा टप्पा

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. तिचे निर्देशांक तिमाहीनुसार असतात. त्यांत माणसाचे नाव, नोंदणी जिल्हा, खंड आणि पृष्ठ एवढेच मिळते. १८५२ पासून हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड आणि टॉडमॉर्डन हे जिल्हे ‘९ ए’ खंडात, तर ब्रॅडफर्ड ‘९ बी’ खंडात येते, हे पाठ असले की निर्देशांक चाळताना वेळ वाचतो. तिमाही नोंदणीच्या तारखेची असते, घटनेची नाही. जन्म कळवायला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकते. शिवाय १८७५ पर्यंत न कळवल्याबद्दल दंडाची तितकी धास्ती नव्हती, म्हणून सुरुवातीच्या दशकांतले काही जन्म नोंदवलेच गेले नाहीत.

निर्देशांक तीन ठिकाणी पाहावेत. ‘फ्रीबीएमडी’ फुकट आहे आणि शोधायला सोपे आहे. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे या नोंदणीची मुख्य सरकारी कचेरी, हिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खाते उघडले की जन्मांच्या निर्देशांकात आईचे माहेरचे आडनाव थेट १८३७ पासून मिळते आणि मृत्यूंच्या निर्देशांकात वय मिळते. तिसरे ‘यॉर्कशायर बीएमडी’. ते स्थानिक नोंदणी कचेऱ्यांच्या वह्यांवरून तयार झालेले असून विवाह कोणत्या चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये (अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनामंदिरात) झाला हेही सांगते. चर्च समजले की पुष्कळदा दाखला विकत घ्यावा लागत नाही, कारण १८३७ नंतरच्या चर्चच्या विवाह-वहीत आणि सरकारी दाखल्यात मजकूर तोच असतो, आणि वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्ह सर्व्हिस या तिथल्या दप्तरखान्याच्या ताब्यातल्या चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ या वर्गणीच्या संकेतस्थळावर आहेत. जन्माचा दाखला मात्र घ्यावाच. त्यात वाडीचे नाव असते, आणि आपल्याला हवी असते ती तीच.

आईच्या माहेरच्या आडनावाचा एक उपयोग फार कमी लोक करतात. १९११ च्या खानेसुमारीत विवाहित स्त्रीला किती मुले झाली, किती हयात आहेत आणि किती वारली हे विचारले होते. समजा उत्तर नऊ, चार, पाच असे आहे. खानेसुमारीच्या पानांवर चारच मुले दिसतील. उरलेली पाच जन्मांच्या निर्देशांकात वडिलांचे आडनाव, आईचे माहेर आणि जिल्हा एकत्र घालून काढायची आणि मृत्यूंच्या निर्देशांकात वयानुसार जुळवायची. नऊचा हिशेब पुरा लागला की कुटुंब बरोबर धरल्याची खात्री होते. बारा निघाली तर त्याच नावाचे दुसरे जोडपे मध्ये घुसले आहे, असे समजावे.

खानेसुमारी १८४१ पासून दर दहा वर्षांची मिळते. १८४१ च्या खेपेला पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, म्हणजे ‘३५’ दिसले तर माणूस ३५ ते ३९ मधला धरावा. त्या वर्षी नातेही लिहिले नाही आणि जन्म त्याच काउंटीतला आहे की नाही एवढेच विचारले. १८५१ पासून नाते आणि जन्मस्थान दोन्ही आहे. १९२१ च्या पानांवर नोकरी देणाऱ्याचे नाव असते, म्हणजे गिरणी कळते. १९३१ ची पाने आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. मधली पोकळी युद्धाच्या तोंडावर झालेल्या देशभरच्या नोंदणीच्या, २९ सप्टेंबर १९३९ च्या नोंदवहीने काहीशी भरून निघते.

आता जन्मस्थानाच्या रकान्याकडे जवळून पाहू. एकाच बाईचे जन्मस्थान १८५१ ला ‘हॅलिफॅक्स’, १८६१ ला ‘वॉर्ली’ आणि १८७१ ला ‘लडेंडन’ असे लिहिलेले आढळले, तर नवखा माणूस तिला तीन बायका समजतो किंवा तिला खोटारडी ठरवतो. प्रत्यक्षात तिन्ही उत्तरे खरी असू शकतात. हॅलिफॅक्स ही पॅरिश, वॉर्ली ही त्या पॅरिशमधली टाउनशिप, आणि वॉर्ली व मिजली या दोन टाउनशिपना मिळून जे पोटचर्च होते ते लडेंडनचे. ती बाई कोणत्या संदर्भात बोलत होती एवढाच काय तो फरक. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर आपल्या टाउनशिपचा जिना काढून ठेवावा: वाडी, खेडे, टाउनशिप, पोटचर्च, पॅरिश, नोंदणी जिल्हा. हेप्टनस्टॉल आणि वॉड्सवर्थ जुन्या हॅलिफॅक्स पॅरिशमध्ये असूनही नोंदणीसाठी टॉडमॉर्डन जिल्ह्यात मोडतात. खुद्द टॉडमॉर्डन १८८८ पर्यंत यॉर्कशायर आणि लँकशायर यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेले होते, त्यामुळे सख्ख्या भावंडांची जन्म-काउंटी वेगवेगळी दिसू शकते. ‘कॅल्डरडेल’ आणि ‘कर्क्लीज’ ही १९७४ नंतरची प्रशासकीय नावे आहेत. जुन्या कागदांत ती शोधू नयेत. मिजली आणि वॉड्सवर्थ ही गावे आहेत तशी आडनावेही आहेत. आणि शोधयंत्राला नुसते ‘हॅलिफॅक्स’ सांगितले तर ते आनंदाने कॅनडात नेऊन सोडते.

खानेसुमारीतले शेतघराचे नाव सापडले की स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे फुकट पाहावेत. यॉर्कशायरचे हे नकाशे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे आहेत आणि त्यांत बहुतेक वाड्या नावानिशी दाखवल्या आहेत. खानेसुमारीची आपल्या घराच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन पाने वाचून प्रगणकाची पायवाट नकाशावर बोटाने गिरवावी. सासुरवाडी पुष्कळदा त्याच पायवाटेवर सापडते.

धंद्याच्या शब्दात खोरे लपलेले असते

धंद्याचा रकाना नुसता रंग भरायला नसतो. लोकरीच्या कापडाची तिथे दोन मोठी घराणी होती: पिंजलेल्या लोकरीच्या सुताचे जाड, मळून घट्ट केलेले ‘वूलन’, आणि लांब तंतू विंचरून काढलेल्या सुताचे गुळगुळीत ‘वर्स्टेड’. लोकर विंचरणारा, म्हणजे ‘वूलकोंबर’, दिसला तर नजर ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्सच्या उत्तरेकडे वळवावी. हा धंदा १८४० आणि १८५० च्या दशकांत यंत्रांनी बुडवला, त्यामुळे असा माणूस पुढच्या खानेसुमारीत मजूर झालेला किंवा देशच सोडून गेलेला दिसतो. ‘फॅन्सी वीव्हर’ म्हणजे नक्षीच्या वास्कुटांचे कापड विणणारा. तो हडर्सफील्डच्या बाजूचा असण्याचा संभव जास्त. ‘क्रॉपर’ मोठ्या कात्रीने कापडाची लव कापत असे, आणि १८१२ च्या लडाइट, म्हणजे यंत्रे फोडणाऱ्या कामगारांच्या, दंग्यांत हडर्सफील्ड भागातले क्रॉपरच पुढे होते. चिंध्या निवडणारी बाई असेल तर बॅटली किंवा ड्यूझबरी, कारण जुन्या लोकरीपासून ‘शॉडी’ कापड काढण्याचा धंदा तिथला. गालिचा विणणारा हॅलिफॅक्सचा असेल तर डीन क्लफच्या क्रॉस्ली गिरण्यांची आठवण ठेवावी. कापूस आला की खोऱ्याच्या वरच्या टोकाला, टॉडमॉर्डनकडे जावे.

‘क्लोदिअर’ या शब्दाने मात्र भल्याभल्यांना फसवले आहे. इंग्लंडच्या नैऋत्य भागात क्लोदिअर म्हणजे शेकडो विणकरांना काम देणारा धनिक. वेस्ट रायडिंगमध्ये तोच शब्द दोन माग, एक गाय आणि थोडी जमीन बाळगणाऱ्या स्वतंत्र कारागिरालाही लावत. पणजोबा क्लोदिअर होते म्हणून हवेली शोधत बसू नये.

१८३७ च्या आधी

पॅरिशच्या वह्या १५३८ च्या आदेशाने सुरू झाल्या. त्यांतला आपल्या कामाचा सर्वांत सुखाचा काळ १८१३ नंतरचा आहे, कारण १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात पत्ता आणि वडिलांचा धंदा असे दोन रकाने आले. त्याआधीच्या नोंदी कधी टाउनशिपचे नाव देतात, कधी फक्त “जॉनचा मुलगा जॉन” एवढ्यावर थांबतात. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७३०ची नोंद आपल्या हिशेबाने १७३१ ची असते. वही वाचता न येण्याइतकी खराब असेल तर दरवर्षी बिशपकडे जाणाऱ्या नकला यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८३६ पर्यंत हा मुलूख यॉर्कच्या धर्मप्रांतात होता.

विवाहाचे गणित वेगळे आहे. २५ मार्च १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या, चर्चमध्येच लावावे लागे, आणि या पॅरिशमध्ये ते मुख्यतः हॅलिफॅक्स, एलंड किंवा हेप्टनस्टॉल इथे लागे. त्यामुळे कट्टर मेथॉडिस्ट घराचेही लग्न अँग्लिकन वहीत सापडते, मुले मात्र चॅपेलच्या वहीत. या डोंगरांत चॅपेलवाल्यांचा जोर फार होता. हेप्टनस्टॉलचे अष्टकोनी मेथॉडिस्ट चॅपेल १७६४ चे आहे. अशा पंथांनी १८३७ नंतर सरकारला सोपवलेल्या वह्या नॅशनल आर्काइव्हजच्या ‘आरजी ४’ मालिकेत आहेत, क्वेकरांच्या ‘आरजी ६’ मध्ये. बॅप्टिस्ट लोक बाळांचा बाप्तिस्मा करत नसत, त्यामुळे त्यांच्याकडे जन्माच्या नोंदी शोधाव्यात. सतराव्या शतकापर्यंत पोचलात तर कोलीच्या ऑलिव्हर हेवुड या धर्मोपदेशकाने सुरू केलेली, ‘नॉर्थाउरम रजिस्टर’ म्हणून ओळखली जाणारी वही चुकवू नये. तिची छापील प्रत उपलब्ध आहे आणि तीत मृत्यूंबरोबर अधूनमधून माणसाविषयी चार शब्दही आहेत.

अविवाहित आईच्या मुलाला बापाचे पूर्ण नाव देण्याची पद्धत इथे सर्रास दिसते. ‘जॉन सटक्लिफ ग्रीनवुड’ असे नाव दिसले आणि सटक्लिफ हे आईचे माहेरही नसेल, तर बाप बहुधा जॉन सटक्लिफ असतो. बहुधा म्हणतो, कारण पुरावा गरिबांच्या दप्तरात शोधावा लागतो, आणि तोपर्यंत ते नाव पेन्सिलीनेच लिहावे.

दोन बाप्तिस्मे आणि एक वॉर्ली

आमच्या शिपायाचा जन्म १८१५ च्या सुमाराचा. त्या नावाचा एक बाप्तिस्मा हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चमध्ये मिळाला: पत्ता ओव्हेंडन, वडील विणकर, वर्ष बरोबर. मी त्याला धरला आणि त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचलो. चूक एका साध्या पडताळणीने उघडी पडली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती: उमेदवार लहानपणी वारला का, किंवा प्रौढपणी दुसरीकडे जगत राहिला का? ओव्हेंडनचा हा गृहस्थ १८५१ च्या खानेसुमारीत ओव्हेंडनमध्येच माग चालवत होता, आणि आमचे पणजोबा त्याच वर्षी पुण्याच्या छावणीत होते.

मग प्रार्थनापुस्तकातला तो शब्द पुन्हा काढला. वर्तनी नीट पाहिली तेव्हा लक्षात आले की वरळीचा इथे काहीच संबंध नाही. ही लडेंडनच्या वरची वॉर्ली टाउनशिप. लडेंडनच्या पोटचर्चची वही मी उघडलीच नव्हती, कारण कागदावर ‘हॅलिफॅक्स’ लिहिले होते. तिथे त्याच नावाचा बाप्तिस्मा निघाला, पत्ता वॉर्ली, वडील विणकर, आणि हा मुलगा १८४१ पासून एकाही खानेसुमारीत इंग्लंडात सापडत नाही. त्याच्या बहिणींची जी नावे वहीत आहेत, तीच दोन नावे पणजोबांनी पुण्यात आपल्या मुलींना ठेवली होती. यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर लंगडा आहे. चारही एकाच वाडीकडे बोट दाखवतात म्हणून आम्ही ते मान्य केले.

यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. त्या नावाचे सगळे उमेदवार आसपासच्या प्रत्येक पोटचर्चमधून गोळा करावेत आणि एकेकाला बाद करत यावे. आणि प्रत्येक बाप्तिस्म्यानंतरची किमान दहा वर्षांची दफने वाचावीत, कारण वारलेल्या बाळाचे नाव पुढच्या बाळाला देण्याची रीत होती. १८०१ चा जॉन आणि १८०४ चा जॉन हे एकाच घरचे दोन भाऊ असू शकतात.

वर्तनीबाबत उदार राहावे. प्रगणक ऐकेल तसे लिहीत असे आणि तिथले लोक शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळतात, त्यामुळे हेलिवेल कुटुंब ‘एलिवेल’ म्हणून ‘ई’ अक्षराखाली दडलेले असते.

मृत्युपत्रे, जमीन आणि गरिबांचे कागद

१२ जानेवारी १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. इथली बहुतेक बोर्थविकमध्ये आहेत. त्यानंतरची सरकारी संकेतस्थळावर निर्देशांकातून मागवता येतात. ज्या मृत्युपत्राला मालमत्तेची यादी जोडलेली असते तिच्यात माग, चाती, लोकरीची पोती आणि मागावर अर्धवट राहिलेले कापडसुद्धा मोजलेले सापडते. जमीन थोडी जरी असली तरी वेकफील्डचे दस्त नोंदणी कार्यालय पाहावे. ते १७०४ मध्ये सुरू झाले आणि १९७० पर्यंत चालले. त्याहून जुना खजिना वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायालयीन गुंडाळ्यांचा. त्या १२७४ पासूनच्या आहेत, लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत. तिथवर पोचणाऱ्याने छापील खंडांपासून सुरुवात करावी.

ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांचे कागद कधीकधी जास्त बोलतात. गरिबाला पोसण्याची जबाबदारी टाउनशिपवर असल्याने बाहेरून आलेल्याची चौकशी होई आणि वेळ पडल्यास त्याला परत धाडत. अशा चौकशीत माणूस कुठे जन्मला, कुठे उमेदवारी केली, कोणाशी लग्न केले हे त्याच्याच तोंडून येते. यांतले जे उरले आहेत ते हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड, लीड्स आणि वेकफील्ड इथल्या वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्हच्या शाखांत विभागलेले आहेत, आणि मोजकेच ऑनलाइन आहेत.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात: या खोऱ्यांत शतकानुशतके आपसांत लग्ने झाल्यामुळे दूरचे नातलग खरे असतात त्यापेक्षा जवळचे भासतात. कागदाने दाखवलेली वाट तपासायला ती वापरावी.

दूरवर बसून काम करताना

पैसे देऊन वर्गणी घ्यायची तर आधी ‘फॅमिलीसर्च’, ‘फ्रीबीएमडी’ आणि जनरल रजिस्टर ऑफिस या फुकट जागांवरून प्रश्नांची यादी तयार करावी आणि मग एकाच महिन्याची वर्गणी घेऊन ती यादी सलग संपवावी. वर्षभराची वर्गणी घेणारे अर्धे वर्ष नुसते भटकतात. मी भटकलो आहे. त्या भागाची चित्रे, नकाशे आणि जुने उतारे पाहायला कॅल्डरडेलच्या ग्रंथालयाचा ‘फ्रॉम वीव्हर टू वेब’ हा संग्रह आहे. कॅल्डरडेल, हडर्सफील्ड आणि ब्रॅडफर्ड इथल्या कुलेतिहास मंडळांनी थडग्यांवरचे लेख उतरवून घेतलेले आहेत. त्यांचे सभासदत्व परदेशातूनही घेता येते, आणि तिथली मंडळी त्या पायवाटांवर प्रत्यक्ष चाललेली असतात.

दप्तरखान्याला ईमेल लिहिताना कुटुंबाचा सगळा इतिहास सांगू नये. तिथल्या माणसाकडे तुमच्यासाठी दहा मिनिटे असतात, आणि “माझ्या पूर्वजांची माहिती पाठवा” या पत्राला छापील उत्तर येते. सूची आधी ऑनलाइन पाहावी, संदर्भ क्रमांक घ्यावा आणि एका पत्रात एकच प्रश्न विचारावा. आम्ही लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता: वॉर्ली टाउनशिपच्या गरिबांच्या दप्तरात, अमुक संदर्भ क्रमांकाच्या गठ्ठ्यात, १७९० ते १८२० या काळात अमुक आडनावाच्या विणकराची वास्तव्य-चौकशी आहे का, असल्यास डिजिटल प्रतीचा खर्च किती. खालच्या ओळीत आडनावाच्या तीन वर्तन्या दिल्या. हे सगळे सात ओळींत बसले.

त्या आडनावाच्या दोन चौकश्या गठ्ठ्यात निघाल्या. एक विणकर मिजलीहून आलेला आहे, दुसरा सॉवर्बीहून, आणि दोघांच्याही बायकोचे नाव मेरी आहे. त्यामुळे आमच्या तक्त्यात शिपायाच्या वडिलांच्या जागी दोन वाड्यांची नावे सध्या पेन्सिलीने लिहिलेली आहेत, आणि आता मिजलीची दफने वाचायला घेतली आहेत.